आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेकरिता एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही लिहून द्यावे, अशी स्मरणिका-मंडळाने इच्छा दर्शविली. मंडळींच्या मनात बहुधा असिसीचे संत फ्रान्सिस किंवा आर्सचे संत जॉन व्हियानी असावेत. त्या दोघांविषयी आमचा भक्तिभाव किती आहे, हे धर्मग्रामातील सर्वांस ठाऊकच आहे; आमच्या प्रवचनांत त्यांची नावे इतक्या वेळा निघतात की, मागच्या बाकावरील मुले पुढचे वाक्य आधीच ओळखतात. तेव्हा या खेपेस दूरदेशी न जाता आपल्याच वऱ्हाडातील एका पुरुषाकडे वळावे, असे आम्ही ठरविले. श्री गाडगे महाराज आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. तथापि आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. म्हणजे दीड वर्ष का होईना, ते या धर्मप्रांताच्या भूमीवरून खराटा घेऊन चालत होते. शेजाऱ्याचे चरित्र शेजाऱ्याने वाचावे, यात वावगे काही नाही.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परिटाच्या घरी झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आडनाव जाणोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेविले. झिंगराजींच्या घरी खाऊन-पिऊन सुख होते, पण त्यातील पिण्याने घात केला. देवाच्या नावाने बकरे कापावयाचे आणि देवाच्याच नावाने दारू प्यावयाची, असा त्या काळी रिवाज होता, आणि देवाचे निमित्त असले म्हणजे लाज वाटत नाही. झिंगराजी त्यातच खंगून मेले. त्या वेळी डेबू आठ वर्षांचा होता. सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या आपल्या माहेरी आल्या.

यवतमाळ-दारव्ह्याकडील वडील माणसांस मूर्तिजापूर हे नाव नवे नाही. आपली ती लहान रुळांची गाडी, जिला पुढे सर्व जण शकुंतला म्हणू लागले, ती कापसाच्या गाठी आणि माणसे घेऊन यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापुरासच जाऊन पोहोचत असे. गाडी आता बंद पडली आहे. पण डेबूजीचे बालपण कोठे गेले, असे कोणी विचारल्यास आमच्या धर्मग्रामातील म्हाताऱ्यांस नकाशा दाखवावा लागत नाही.

दापुऱ्यास डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला, पऱ्हाटी उपटली, रात्री शेतावर जागल केली. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. अंगाने दणकट, पोहण्यात पटाईत आणि कामास वाघ, असा तो मुलगा होता. मामाच्या घरची शेती त्याच्या हाताखाली फळू लागली. परंतु मामा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून बसले होते, आणि त्या कागदात काय लिहिले आहे हे घरात कोणासच वाचता येत नव्हते. एके दिवशी जमीन गेली. तो घाव मामांस सोसला नाही व ते निवर्तले. पुढे त्या शेतासाठी डेबूजी सावकाराच्या माणसांपुढे एकटा उभा ठाकला. त्याने तेव्हा धरलेली गाठ मात्र जन्मभर सुटली नाही. लेकरांस शाळेत घाला, त्यासाठी जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडा आणि हातावर भाकरी घेऊन खा, हे त्यांनी पुढे गावोगाव सांगितले, त्याचे मूळ त्या एका अंगठ्यात आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यास कर्जाची ही गोष्ट सांगावी लागू नये, पण लागते. गेल्या पंचवीस वर्षांत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. अशा घरी आम्हीही जाऊन बसलो आहो. तेथे धर्मगुरूला फारसे बोलता येत नाही. कर्जास कारणे पुष्कळ असतात. पाऊस, बोंडअळी, कापसाचा भाव ही सर्व शेतकऱ्याच्या हाताबाहेरची आहेत, आणि सर्व दोष त्याच्याच माथी मारणाऱ्या शहाण्यांशी आमचे जमत नाही. बाबा शेतकऱ्याच्या घरातून आल्यामुळे हे सर्व जाणून होते. म्हणून ते हातातल्या गोष्टींविषयी तेवढे बोलत: लग्नासाठी ऋण काढू नका, तीर्थयात्रेसाठी ऋण काढू नका, दारूच्या दुकानाची पायरी चढू नका.

१८९२ साली डेबूजींचा कुंताबाईंशी विवाह झाला. पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाचा प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. जातीच्या पंक्तीस मांस आणि दारू हवी, अशी रीत. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. पंक्तीत कुरबूर झाली, नातलग रुसले, पण दारू आली नाही. हा प्रसंग लहानसा दिसतो. ज्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या मेजवानीस यजमान पाहुण्यांस अंगणाच्या मागल्या बाजूस नेऊन बाटली दाखवितो, तेथील वाचकांस तो तितकासा लहान वाटणार नाही. आम्ही कोणाचे नाव घेत नाही. पाणी ओतून आमचे हात वाळले नाहीत तोवर मागल्या बाजूची हाक ऐकू येते, इतकेच सांगतो.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघून गेले. मागे म्हातारी आई, पत्नी आणि लहान मुले होती.

येथे आमची लेखणी अडखळते. चरित्रे लिहिणारे हा प्रसंग मोठ्या गौरवाने सांगतात, आणि पुढे जे घडले ते पाहता त्यांचे चुकत नाही. परंतु जो पुरुष पुढे पन्नास वर्षे जबाबदारी शिकवीत हिंडला, त्याने आपली पहिली जबाबदारी अंधारात सोडली, हेही खरे आहे. सखूबाईंनी आधी पती गमावला होता, मग भाऊ, आता मुलगा. आम्हीही विसाव्या वर्षी घर सोडून सेमिनरीत आलो. पण आमच्या आईजवळ दोन मुलगे राहिले होते, शेताला बैल होते, आणि आम्ही दिवसाढवळ्या तिच्या पाया पडून निघालो होतो. तरी ती किती दिवस जेवली नाही, हे आम्हांस फार मागाहून कळले. कुंताबाईंनी त्या पहाटेनंतर काय केले, याचे वर्णन फारसे कोणी केलेले नाही. संतांच्या चरित्रांत मागे राहिलेल्यांस एखादे वाक्य मिळते. या गोष्टीचा निवाडा आम्ही करू शकत नाही. मात्र ती झाकून पुढे जाणे आम्हांस बरे वाटले नाही.

बारा वर्षे ते भटकले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हाती काठी आणि खराटा, आणि डोक्यावर मातीच्या गाडग्याचे खापर. उन्हापावसात ते टोपीसारखे घालीत आणि भूक लागली की त्यातच भाकरी घेत. त्यावरून लोकांनी त्यांस गाडगेबाबा म्हटले. डेबूजी हे नाव मागे पडले.

गावात शिरले की ते प्रथम झाडू लागत. चावडीपुढची जागा, गटारे, पाणंद, यात्रेनंतरच्या उष्ट्या पत्रावळी. जेथे कोणी पाय ठेवीत नसे, तेथून आरंभ. विचारल्यावाचून काम करावे आणि काम झाल्यावर भाकरी मागावी, हा त्यांचा नियम. फुकटचे अन्न ते घेत नसत. आपल्या संत पौलानेही मंडळीवर भार पडू नये म्हणून तंबू शिवून पोट भरले, हे वाचकांस स्मरत असेल. दिवसभर झाडून झाल्यावर रात्री त्याच जागेवर कीर्तन होई. कीर्तन ऐकण्यास आलेल्या पाटलास मग आपल्या गावची चावडी इतकी स्वच्छ कशी झाली, असे कोडे पडे, आणि सकाळी ज्याला वेडा म्हणून हाकलले तोच हा, हे ओळखून मान खाली जाई.

त्या कीर्तनात टाळ-मृदंगाचा डौल नव्हता. बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि उत्तर देतादेताच आपण अडकलो हे त्यांच्या ध्यानी येई. दगडाच्या देवाला नवस का, मुक्या जनावराचा बळी कशाला, अमक्याच्या हातचे पाणी का चालत नाही. सेमिनरीत आम्हांस प्रवचनकलेचा एक संपूर्ण अभ्यासक्रम होता. या निरक्षर माणसाची पद्धत त्यात नव्हती, आणि असती तरी आम्हांस साधली असती असे नाही. पाया पडणाऱ्यांस ते दूर सारीत. शिष्य त्यांनी केला नाही, मठ स्थापून गादी चालविली नाही.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तेथील पौषातल्या यात्रेत लोक निसरड्या चिखलातून स्नानास उतरत आणि घसरून पडत. बाबांनी लोकांस हाताशी धरून तेथे घाट बांधिला. ज्याच्या मामाचे शेत ऋणात गेले, त्याने पहिले मोठे बांधकाम ऋणमोचनास करावे, हा योगायोग आम्हांस नेहमी विलक्षण वाटतो. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उठल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी जे. जे. रुग्णालयाजवळ आसरा झाला. मूर्तिजापुरास गोरक्षण झाले. पैसा लोकांनी दिला. बाबांनी तो हातात धरून ठेविला नाही. पंढरपुरात शिवाशिवीमुळे ज्यांस कोठेच थारा नव्हता, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधिली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः ते पंढरीस जात, परंतु देवळात न शिरता बाहेरची घाण काढीत.

इतक्या इमारती उभ्या करणाऱ्याचे कुटुंब झोपडीत राहत होते. धर्मशाळांच्या मालमत्तेवर आपल्या रक्ताच्या नात्यातील कोणाचाही हक्क त्यांनी ठेविला नाही. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद कुत्रे चावून दगावला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. याही ठिकाणी चरित्रकार धन्य म्हणतात. आम्ही मात्र त्या रात्री कुंताबाईंजवळ कोण होते, असा विचार करीत राहतो. एवढे खरे की, या मनुष्याने लोकांस जे सांगितले त्यापेक्षा स्वतःस अधिक कठीण सांगितले, आणि त्याचा भार घरच्यांस त्यांच्या संमतीवाचून उचलावा लागला.

आपल्या ख्रिस्तसभेतही एक खराटेवाले संत आहेत. पेरू देशातील लिमा नगरीचे संत मार्टिन द पोरेस (१५७९ ते १६३९) हे मुक्त झालेल्या गुलाम स्त्रीचे पुत्र. वर्णामुळे मठात त्यांस हलकी कामे मिळाली, आणि ती त्यांनी अशी केली की चित्रकार आजही त्यांच्या हाती झाडूच देतात. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांस संतपद दिले. दोघांची तुलना फार ताणण्याची आमची इच्छा नाही. मार्टिनच्या हाती झाडू इतरांनी दिला होता. बाबांनी तो आपण होऊन उचलला.

१९५२ साली बाबांच्या संस्थांची व्यवस्था पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस वांद्रे येथे, जेथे आपले लोक माउंट मेरीच्या यात्रेस जातात, तेथील पोलिसांपुढे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती ढासळली होती. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्याचा बाबांस मोठा धक्का बसला. २० डिसेंबर १९५६ रोजी मोटारीने अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. वय ऐंशी. समाधी अमरावतीस आहे. आपल्या मुलांच्या पदवीपत्रांवर ज्या विद्यापीठाचे नाव असते, त्या अमरावतीच्या विद्यापीठास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. पाटीवर कधी अक्षर न गिरविलेल्या माणसाचे. २००० साली शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढिले, बक्षिसे लाविली. पाहणी करणारे येण्याच्या आदल्या दिवशी गावे लखलखीत होत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बाबांच्या गाडग्यावर मात्र कोणी बक्षीस लाविले नव्हते.

मागे आपल्या एका सणाच्या जेवणानंतर आवार झाडण्यास चार मजूर बोलाविले होते, आणि ते झाडीत असता आपण सर्व मंडळी, त्यांत आम्हीही, सावलीत खुर्च्या टाकून गप्पा करीत बसलो होतो. महोत्सवाच्या भोजनास बाराशे पाने मांडावयाची आहेत. पत्रावळी उचलण्यासाठी यंदा मजूर सांगितलेले नाहीत. खराटे सभागृहाच्या मागे ठेविले असून त्यांतील एक आम्ही आपल्यासाठी राखून ठेविला आहे.