दारोदारी फिरलेला समाजशास्त्रज्ञ : डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस

समाजशास्त्र घेतलेल्या आपल्या पोरापोरींना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : यात नोकरी आहे का? प्रश्न चुकीचा नाही. पण हा विषय शिकायचा कशासाठी, याचे उत्तर ड्यू बॉइस यांच्या आयुष्यात सापडते.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन या गावी झाला. वडील लहानपणीच सोडून गेले; आईने कष्टाने वाढवले. शाळा संपल्यावर थोड्याच दिवसांत तीही गेली. चर्चच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना फिस्क या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पाठवले. सुट्टीत ते टेनेसीच्या खेड्यांत मुलांना शिकवत. पुढे हार्वर्ड, बर्लिन, आणि १८९५ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय.

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सेव्हन्थ वॉर्डच्या अभ्यासाचे काम दिले. पद तात्पुरते, शिकवायला वर्गही नाही. पत्नी नीना यांच्यासह ते त्याच वस्तीत राहिले. प्रश्नावली घेऊन दारोदारी फिरले, सुमारे २,५०० कुटुंबांची माहिती जमवली : काम, मजुरी, घरभाडे, शिक्षण, आजार. या लोकांत जन्मतःच खोट आहे, असे गोरा समाज मानत होता. १८९९ च्या ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ या ग्रंथात त्यांनी नोकऱ्यांची बंद दारे, जादा भाडे आणि गुलामीचा वारसा दाखवून दिला.

तोवर ते अटलांटा विद्यापीठात रुजू झाले होते. गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी निघालेली ही संस्था. पैसा तुटपुंजा, तरी त्यांनी विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकवले, दरवर्षी अभ्यास परिषदा घेतल्या. विद्यार्थ्यांच्या मदतीने काढलेले तक्ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात झळकले.

पण १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या मजुराला जमावाने जाळून मारले. त्याबद्दलचे निवेदन घेऊन ड्यू बॉइस वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले असता, होजच्या बोटांची हाडे एका दुकानात मांडल्याचे त्यांना वाटेत कळले. ते माघारी फिरले. नुसती आकडेवारी पुरेशी नाही, हे त्यांना तेव्हा कळून चुकले. १९१० मध्ये ते एनएएसीपी या संघटनेत गेले आणि तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक चालवू लागले. अभ्यास मात्र सोडला नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या वस्तीबद्दल आजही बाहेरचेच जास्त बोलतात. मोर्चाला आपण जातोच. पण किती मुलींची शाळा सुटली, किती सफाई कामगार कंत्राटावर आहेत, हे विचारले तर आकडा आपल्याकडे असतो का? समाजशास्त्र शिकणाऱ्याने वही घेऊन पहिले दार आपल्याच गल्लीतले ठोठवावे. जय भीम!