जद्दनबाई : नर्गिसची अम्मी, एवढीच ओळख?

सोलापुरात आमच्या वर्गातल्या पोरांना नर्गिस ठाऊक असते, तीही संजय दत्तमुळे. तिच्या अम्मीचं, जद्दनबाईंचं नाव कुणी घेत नाही. त्या मूळच्या बनारसकडच्या, ठुमरीच्या नामवंत गायिका. मोठमोठे रईस त्यांचं गाणं ऐकायचे. कोठ्यावरची म्हणून मान द्यायला मात्र कचरायचे. १९३३ मध्ये त्या पडद्यावर आल्या. १९३५ च्या ‘तलाश-ए-हक’मध्ये अभिनय केला आणि संगीतही स्वतःच दिलं. बाईनं चाली बांधायच्या, तेही त्या जमान्यात! छोटी नर्गिस पहिल्यांदा दिसली ती याच सिनेमात. मुंबईत त्यांनी स्वतःची फिल्म कंपनी काढली, १९३६ च्या ‘मॅडम फॅशन’चं दिग्दर्शनही केलं. ८ एप्रिल १९४९ ला मुंबईत इंतकाल झाला. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांची कबर आहे; १९८१ मध्ये नर्गिसलाही तिथेच दफन केलं.