रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची टिपणे

आमच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या विज्ञानशाखेत गेलेले विद्यार्थी पहिल्या सत्रानंतर जुन्या शिक्षकांना भेटावयास येतात, तेव्हा रसायनशाळेविषयी एक तक्रार त्यांच्या बोलण्यात हटकून असते. तेथे नियमांचा फार जाच आहे, असे त्यांचे म्हणणे. तीव्र आम्लात पाणी ओतावयाचे नाही, पाण्यातच आम्ल हळूहळू सोडावयाचे. परीक्षानळीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे करावयाचे नाही. कोणताही पदार्थ चाखावयाचा नाही. एकट्याने प्रयोग करावयाचा नाही. हे नियम ते निमूटपणे पाळतात, कारण त्यांत स्वतःच्या डोळ्यांचे व हातांचे रक्षण आहे हे त्यांना कळते. त्यांना खरा कंटाळा येतो तो वहीच्या नियमांचा. कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन रकाने आखावे. डोळ्यांना जे दिसेल ते तेथल्या तेथे शाईने लिहावे. चुकल्यास एकच रेघ मारावी, म्हणजे खालची अक्षरे वाचता येतात. पुस्तकात लिहिलेला रंग आपल्या नळीत दिसला नाही, तर तो वहीत उतरवू नये. दुसऱ्याची मदत घेतली असल्यास त्याचे नाव लिहावे. बाटलीस चिठ्ठी लावल्यावाचून ती हातावेगळी करू नये. उत्तर बरोबर आले असता हा खटाटोप कशासाठी, असे मुले विचारतात, आणि पालकांपैकीही काहींना तसेच वाटते.

ह्या प्रश्नास उत्तर देताना मला नेहमी एका गृहस्थांची आठवण होते. ते रसायनशास्त्राचे अध्यापक नव्हते. त्यांचे नाव मात्र नागपुरात न ऐकलेला विद्यार्थी विरळा. कारण 1883 साली येथे जे महाविद्यालय निघाले, त्यास तेच नाव देण्यात आले. पण नाव ओठांवर असणे आणि चरित्र ठाऊक असणे ह्यांत अंतर आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स ह्या लहानशा गावी झाला. घर धार्मिक वळणाचे होते. त्यांचे वडील बंधू अलेक्झांडर हेही पुढे धर्मोपदेशक झाले. स्टीफन यांचे उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथे झाले. 1843 साली स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले, तेव्हा ते त्या नव्या मंडळीत सामील झाले आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात जाण्यास त्यांनी संमती दिली. डिसेंबर 1844 मध्ये ते पत्नीसह मुंबईस उतरले आणि 1845 च्या फेब्रुवारीत नागपूर मुलखात पोहोचले. त्या वेळी येथे तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. आगगाडी यावयास अद्याप बावीस वर्षांचा अवकाश होता.

1846 साली त्यांनी नागपुरात शाळा उघडली. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट हंटर हे तरुण सहकारी येऊन मिळाले. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली, मुलांना शिकविले, गावोगाव प्रवचने केली. शाळेचे काम सोपे नव्हते. परधर्मीय शिक्षकाकडे मुले पाठवावी की नाही ह्याविषयी लोकांच्या मनात स्वाभाविक शंका होत्या, आणि त्या सर्वच निराधार होत्या असे मी स्वतः ख्रिस्ती असूनही म्हणणार नाही. मुलांचा धर्म बदलावा ही त्या काळच्या मिशनऱ्यांची उघड इच्छा होती. परंतु त्या विषयाचा विस्तार येथे करावयाचा नाही.

हिस्लॉप यांना चालण्याची आवड होती, आणि चालताना खाली पाहण्याची. नागपूरची भूमी तर अशा मनुष्याची वाट पाहतच बसलेली. सीताबर्डीची टेकडी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती काळ्या पाषाणाची आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वाहत आलेल्या तप्त रसाची. परंतु तो पाषाण सलग नाही. खाली एक थर, वर दुसरा थर, आणि दोहोंच्या मध्ये मातकट रंगाचा एक पातळसा पट्टा आहे. ह्या पट्ट्यात आणि तसल्याच टाकळीच्या पट्ट्यात हिस्लॉप व हंटर यांना 1851 च्या सुमारास दगड झालेले शंख सापडले. टाकळी तेव्हा गावाबाहेर होती, आज ती शहराने गिळली आहे. ते शंख समुद्रातले नव्हते. गोड्या पाण्यात राहणाऱ्या गोगलगाईंचे होते. तप्त रसाचा एक लोट येऊन थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये एवढा काळ लोटला होता की, त्या अवधीत येथे तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि त्यांच्याभोवती झाडे उगवली. झाडांची फळे आणि बिया यांचेही दगड झालेले नमुने त्यांना मिळाले.

हंटर यांच्यासह लिहिलेला नागपूरच्या परिसराचा भूशास्त्रीय वृत्तांत लंडनच्या भूशास्त्रसंस्थेच्या त्रैमासिकात 1855 साली प्रसिद्ध झाला. त्यावर दोघांचीही नावे आहेत. त्याच वर्षी हंटर मायदेशी परतले व पुढे त्यांनी इंग्रजीचा एक मोठा कोश संपादिला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली गावच्या खडकात हिस्लॉप यांना एका प्राण्याची चपटी कवटी मिळाली होती. हा प्राणी कोणता, हे त्यांनी स्वतः ठरविले नाही. कवटी विलायतेस पाठविली. तेथे रिचर्ड ओवेन यांनी 1855 साली तिची परीक्षा केली, आणि बेडकाच्या दूरच्या पूर्वजवर्गातील ह्या प्राण्यास ब्राकिऑप्स असे नाव दिले. येथून तेथवर वस्तू पोहोचावयास कित्येक महिने लागत. प्रवासात वस्तूची चिठ्ठी हरवली, तर कोणत्या गावच्या कोणत्या थरातून ती निघाली हे सांगणारा तेथे कोणी नव्हता, आणि स्थान न कळलेला अवशेष म्हणजे नुसता दगड. रसायनशाळेतील बिनचिठ्ठीच्या बाटलीचे तेच आहे. तिच्यात उत्तम प्रतीचे द्रव्य असले तरी ते मोरीत ओतून द्यावे लागते.

आता रकान्यांकडे येतो. दोन पाषाणांच्या मधल्या त्या पट्ट्याचे वय काय असावे, ह्याचा हिस्लॉप यांनी पुष्कळ विचार केला. शंखांची तुलना इतर देशांच्या शंखांशी करून त्यांनी 1860 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मत दिले की, हे थर इओसीन नावाच्या युगाच्या आरंभीचे आहेत. ते मत टिकले नाही. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे बव्हंशी इओसीनच्याही आधीच्या क्रिटेशियस युगाच्या अखेरीचा, असे आता अधिक अचूक साधनांनी ठरले आहे. तेव्हा हिस्लॉप यांचे अनुमान चुकले. पण टाकळीस कोणता शंख कोणत्या थरात मिळाला, वर काय होते व खाली काय होते, हे जे त्यांनी लिहून ठेवले होते त्यास धक्का लागला नाही. नव्या अभ्यासकांना त्यांचे अनुमान टाकून देऊन त्यांचे निरीक्षण ठेवून घेता आले. शंख पाहताना जर त्यांनी आपल्या मताला सोयीचे तेवढेच लिहिले असते, तर अनुमानाबरोबर सगळेच टाकावे लागले असते. निरीक्षण आणि अनुमान यांच्यामध्ये रेघ का ओढावयाची, हे मुलांना समजावून देण्यास मला याहून जवळचे उदाहरण सापडलेले नाही.

दुसरे उदाहरण तर थेट रसायनशास्त्रातलेच आहे. टाकळीच्या पाषाणात हिस्लॉप यांना गवतासारख्या हिरव्या रंगाचा एक सुंदर स्फटिकमय दगड आढळला. तो विलायतेस गेला, आणि सॅम्युएल हॉटन नावाच्या पंडितांनी त्याचे पृथक्करण करून 1859 साली त्यास हिस्लोपाइट असे नाव दिले. त्याच वेळी एका मातकट खनिजास त्यांनी हंटराइट म्हटले, म्हणजे दोघाही शिक्षकांचा मान राखिला गेला. हिस्लोपाइटवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले असता बुडबुडे येतात. वर येणारा वायू चुन्याच्या निवळीतून जाऊ दिल्यास निवळी दुधासारखी होते. हा प्रयोग पहिल्या वर्षाचा कोणताही विद्यार्थी ओळखील. दगडात कॅल्शियम कार्बोनेट असल्याची ती खूण आहे. चुनखडीचा भाग विरघळून गेल्यावर मागे हिरव्या रंगाचा, आम्लास दाद न देणारा अंश उरतो. यावरून हिस्लोपाइट हे स्वतंत्र खनिज नसून, हिरव्या द्रव्याने भरलेला साधा कॅल्साइट आहे असे पुढे मानण्यात आले. खनिजांच्या यादीतून स्वतंत्र खनिज म्हणून हिस्लॉप यांचे नाव गेले. पृथक्करण प्रामाणिक असेल तर ते कोणाच्या नावाची भीड ठेवीत नाही.

मात्र एका ठिकाणी ते नाव राहिले. नागपूरच्या तळ्यांतील गोड्या पाण्यात काड्यांना व शिंपल्यांना पातळ पापुद्र्यासारखी चिकटून राहणारी एक सूक्ष्म जीवांची वसाहत असते. हिस्लॉप यांच्याकडून मिळालेल्या नमुन्यांवरून मुंबईचे डॉक्टर कार्टर यांनी 1858 साली तिचे वर्णन केले व तिला हिस्लोपिया म्हटले. तो वंश प्राणिशास्त्रात आजही त्याच नावाने ओळखला जातो. ज्या तळ्यांच्या काठी शेकडो लोक रोज जात येत असत, तेथे हा पापुद्रा कोणी उचलून पाहिला नव्हता.

माणसांच्या बाबतीतही त्यांची रीत निराळी नव्हती. गोंडांविषयी त्या काळी ऐकीव गोष्टी पुष्कळ सांगितल्या जात. हिस्लॉप यांनी त्यांच्या भाषेतील शब्दांच्या याद्या केल्या, चालीरीती टिपल्या, आणि लिंगोची दीर्घ गाथा मूळ गोंडी शब्दांत उतरवून घेतली. केवळ आपल्या भाषेत सारांश लिहून ते थांबले नाहीत, म्हणून मूळ काय होते ते आपणास पडताळून पाहता येते. त्यांच्या काही मतांना त्या काळच्या मिशनऱ्यांच्या दृष्टीचा रंग आहे, तो वाचताना लक्षात ठेवावा लागतो. गाथेतील शब्द मात्र गोंडांचे आहेत.

शेवटचा प्रसंग सांगताना मला संकोच होतो, कारण ह्याच आदरणीय पुरुषाकडून येथे एक नियम मोडला गेला. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. मध्य प्रांताचे तत्कालीन प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ती पाहण्यासाठी हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात तेथे गेले. त्या थडग्यांत लोखंडाच्या व मातीच्या वस्तू निघतात. पुढे 1968-69 साली नागपूर विद्यापीठाने तेथे पद्धतशीर उत्खनन केले. 4 सप्टेंबर रोजी दिवसाचे काम आटोपल्यावर मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मात्र मागे थांबले. गावात त्यांची एक शाळा होती, आणि इतक्या जवळ येऊन मुलांची परीक्षा न घेता परतणे त्यांच्या मनास पटेना. शिक्षकाचा हा स्वभाव मी समजू शकतो.

मुलांची परीक्षा घेऊन ते अंधार पडताना एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेत जो नाला लागत असे, त्यास पावसाने पूर आला होता. जाताना उथळ असलेले पाणी परतताना तसेच असेल, असे त्यांनी धरून चालले असावे. निदान ते थांबले नाहीत, आणि त्यांना थांबविणारे बरोबर कोणी नव्हते. मुक्कामावर रिकाम्या खोगिराचा घोडा तेवढा आला. लोक मशाली घेऊन शोधावयास गेले, तेव्हा त्यांचा देह पाण्यात सापडला. शेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

प्रयोगशाळेत एकट्याने काम करू नये, हा नियम मुलांना भित्रेपणाचा वाटतो. हुशार मुलांना तर विशेषच वाटतो, कारण हातून चूक होईल असे त्यांना वाटतच नाही. हिस्लॉप अठरा वर्षे ह्या मुलखातून हिंडले होते आणि येथल्या पावसाळ्याची त्यांना चांगली ओळख होती. नियम अजाणांसाठी असतात असे मानणाऱ्यांनी ह्या नाल्याचा विचार करावा. पाणी किती चढले आहे हे डोळ्यांनी पाहावयाचे असते. सकाळच्या पाण्यावरून ठरवावयाचे नसते.

त्यांच्यामागे त्यांच्या कागदांची गाठोडी राहिली. बरेचसे लिखाण अपुरे होते, पण जेवढे होते तेवढे दुसऱ्या मनुष्यास वाचता येण्याजोगे होते. टेंपल यांनी ते चाळून, लावून, टिपा जोडून मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे पुस्तक 1866 साली नागपुरात प्रसिद्ध केले. लिंगोची गाथा त्यातच आहे, एकेका गोंडी शब्दासमोर त्याचा अर्थ दिलेली.