काजळाच्या पाकळ्यांचा साप

पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातील गोंड मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाला स्नान घालतात. आपल्यापैकी ज्यांचे सोयरेधायरे आदिलाबाद-किनवटकडे आहेत, त्यांना ही जत्रा ऐकून तरी ठाऊक असते. त्या भागात नागाची पूजा होते आणि सापाचे भयही तितकेच असते. दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेऊ नये, लांबडे म्हणावे, अशी ताकीद आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी आजीकडून ऐकलेली असेल. शेतात तोच साप दिसला की मराठी शेतकरी त्याला धामण म्हणतो आणि त्याचा तेलुगू शेजारी जेर्रिपोतु. हे तेलुगू नाव इंग्रजी अक्षरांत, सापाच्या रंगीत चित्रासह, 1796 साली लंडनमध्ये छापले गेले, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असेल. ते छापणारे गृहस्थ म्हणजे डॉ. पॅट्रिक रसेल. हिंदुस्थानातील सापांचा शोध शास्त्रीय रीतीने घेणाऱ्यांत त्यांचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

रसेल यांचा जन्म 1727 साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. त्यांचे थोरले सावत्र बंधू अलेक्झांडर हे सीरियातील अलेप्पो शहरी इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीचे डॉक्टर होते. वैद्यकाचा अभ्यास पुरा करून पॅट्रिकही 1750 साली तिकडेच गेले आणि तीन वर्षांनी बंधूंच्या जागी नेमले गेले. 1760 पासून दोन-तीन वर्षे अलेप्पोत प्लेगने कहर केला. त्या दिवसांत रसेल शहर सोडून गेले नाहीत. रोगाची चाल, लक्षणे, सारे टिपून ठेवीत राहिले. तेथील पाशाची त्यांच्यावर इतकी मर्जी बसली की पागोटे बांधण्याचा मान त्यांना मिळाला. आपल्या संस्थानी दरबारांचे रीतिरिवाज ज्यांनी घरातून ऐकले आहेत, त्यांना या मानाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

सुमारे वीस वर्षांनी ते मायदेशी परतले, लंडनमध्ये राहिले, आणि 1777 साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले. एवढ्यावर कोणीही समाधानाने विसावला असता. परंतु 1781 साली त्यांचे धाकटे बंधू क्लॉड यांची ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर विशाखापट्टणला नेमणूक झाली आणि त्यांच्याबरोबर रसेलही निघाले. वय चौपन्न. हाती नोकरी नव्हती. भावाची सोबत, आणि नव्या मुलखातील झाडेझुडुपे व प्राणी पाहण्याची हौस, एवढ्यावरच हा प्रवास झाला. पुढे 1785 साली कंपनीचे निसर्गशास्त्रज्ञ केनिग वारले आणि त्यांची जागा रसेल यांना मिळाली. काम मुख्यतः वनस्पतींचे होते. कंपनीच्या डॉक्टरांनी आपापल्या भागातील उपयुक्त वनस्पतींची माहिती गोळा करावी, असे त्यांनी 1787 साली मद्रासच्या गव्हर्नरला सुचविले. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या विख्यात ग्रंथामागेही त्यांचा पाठिंबा होता. पण त्यांचे मन खरे गुंतले ते सापांत.

याला कारण होते. साप चावलेला माणूस समोर आणला तर डॉक्टराने पहिला प्रश्न कोणता विचारावा? साप विषारी होता की बिनविषारी? आणि हे सांगणार कोण? गावोगाव औषधे होती, मंत्र होते, गोळ्या होत्या, आणि प्रत्येकाच्या पाठीशी बरे झालेल्या रोग्यांची साक्ष होती. बिनविषारी साप चावलेला माणूस कोणत्याही औषधाने बरा होतो, औषध न घेताही होतो. आणि श्रेय मात्र औषधाला जाते. हा घोटाळा सोडवायचा तर आधी साप ओळखता आला पाहिजे. म्हणून रसेल यांनी मिळेल तो साप मिळवावा, त्याचे दात तपासावे, पोटावरचे व शेपटीखालचे खवले मोजावे, रंग लिहून ठेवावा, असा क्रम धरला.

सापाबरोबर त्याचे गावातले नावही ते विचारून घेत. याबद्दल त्यांचे विशेष कौतुक वाटते. त्या काळी साहेब लोक लॅटिन नाव ठेवून मोकळे होत. रसेल यांनी तेलुगू माणसांच्या तोंडची नावे, कानाला जशी ऐकू आली तशी, ग्रंथात घातली. अजगराला पेद्द पोडा, धामणीला जेर्रिपोतु, पिवळ्याकाळ्या पट्ट्यांच्या मण्यारीला बंगारु पामु, म्हणजे सोन्याचा साप. यातील बंगारु शब्दावरून पुढे दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मण्यारींच्या सबंध कुळाला बंगारस हे नाव दिले आणि जगभर आजही तेच चालते. कोणा कोळ्याने किंवा गारुड्याने सहज उच्चारलेला शब्द असा विद्यापीठांत जाऊन बसला.

सर्वांत सुंदर नाव मात्र आपल्या घोणशीचे. काटुक रेकुल पोडा! तेलुगूत काटुक म्हणजे काजळ, रेकु म्हणजे पाकळी आणि पोडा म्हणजे ठिपका. घोणशीच्या पाठीवरील लांबट, काळ्या कडांचे ठिपके ज्याने पाहिले असतील त्याला हे नाव किती नेमके आहे ते पटेल. या सापाच्या विषाचे प्रयोग रसेल यांनी कोंबड्यांवर व कुत्र्यांवर केले. ते वर्णन वाचताना आज मन कचरते, पण त्यातूनच त्यांना कळले की हा जाडसर, सुस्त दिसणारा साप नागापेक्षा फारसा कमी नाही. 1797 साली शॉ व नॉडर यांनी या सापाला शास्त्रीय नाव दिले ते रसेल यांचेच. इंग्रजीत घोणस आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्या काळी दक्षिणेत तंजावरच्या गोळीचा मोठा बोलबाला होता. मराठी राजांचे तंजावर म्हटल्यावर आपल्याला थोडी आपुलकी वाटणारच. परंतु रसेल यांनी ती गोळी तपासली तेव्हा तिच्यात सोमल निघाला, आणि प्रयोगांत ती उपयोगी पडली नाही. त्यांनी तसे लिहून ठेवले. तोंड न उघडता, केवळ बाहेरून पाहून विषारी साप ओळखण्याची एखादी सोपी खूण सापडावी म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. ती सापडली नाही, हेही त्यांनी कबूल केले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात ही कबुली मोठी आहे. लोकांना हवी होती ती एकच खूण. ती देऊन नाव मिळवणे कठीण नव्हते, आणि त्या खुणेवर विसंबून किती माणसे दगावली असती कोण जाणे. अशी एक खूण नाहीच. मण्यारीच्या पाठीवरची मधली रांग मोठ्या षटकोनी खवल्यांची असते, नागाच्या ओठावरच्या खवल्यांची मांडणी वेगळी, घोणशीचे सारेच निराळे. एकेक साप वेगळा ओळखावा लागतो. विषावर खरा उतारा, म्हणजे प्रतिविषाची लस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. तोवर रसेल यांना जाऊन नव्वद वर्षे झाली होती.

1789 साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. संग्रहाचा मोठा भाग मद्रासला ठेवला. बरेच साप 1791 साली ब्रिटिश म्युझियमला दिले. त्याच वर्षी प्लेगवरील ग्रंथ निघाला, 1794 मध्ये बंधूंच्या अलेप्पोवरील ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती, आणि 1796 मध्ये कंपनीच्या आज्ञेने सापांचा पहिला खंड, 46 चित्रांसह. विशाखापट्टणच्या दोनशे माशांवरचा ग्रंथ 1803 चा. लग्न त्यांनी केले नाही. 2 जुलै 1805 रोजी लंडनमध्ये ते वारले तेव्हा सापांच्या दुसऱ्या खंडाचे काम अपुरे होते. ते 1809 मध्ये इतरांनी पुरे केले.

आता हौशी तरुण पावसाळ्याच्या रात्री बॅटरी व कॅमेरा घेऊन साप पाहायला निघतात. पाहावे, चित्र घ्यावे, आणि साप तेथेच सोडावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रसेल यांच्यासारखी साप पकडून बरण्या भरण्याची हौस आता कोणाला करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. साप ओळखण्याची गरज मात्र तेवढीच उरली आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे मेली असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला, आणि जेथे हे मृत्यू अधिक, त्या राज्यांत तेलंगणाचा मुलूखही येतो.

रसेल यांनी 1801 साली शास्त्रात आणलेल्या सापांत एक अगदी निरुपद्रवी साप होता. ट्रांकेबारचे मिशनरी जॉन यांचे नाव त्यांनी त्याला दिले. हा साप म्हणजे आपले मांडूळ. बिचाऱ्याला ना विष, ना वेग. शेपटी बोथट म्हणून लोक त्याला दोन तोंडांचा समजतात, आणि गुप्तधन मिळते या समजुतीने महाराष्ट्रात व तेलंगणात त्याला चोरून पकडून लाखोंच्या बोलीने विकू पाहणाऱ्यांच्या अटकेची बातमी अधूनमधून येतच असते.