विश्लेषण : ना पीएचडी, ना प्राध्यापकी… तरी देवळालीच्या कापरेकरांचे नाव जगभर कसे पोहोचले?

नाशिक रोडच्या एका बाजूला एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला देवळाली. याच देवळालीतल्या एका शाळामास्तरांचे नाव आज संगणक शिकणाऱ्या मुलांच्या सरावात येते. किती शोधनिबंध छापले आणि इतरांनी त्यांचे किती संदर्भ घेतले, यावर हल्ली संशोधकाचे वजन ठरते. या मापात द. रा. कापरेकर बसले नसते. तरीही त्यांचे नाव टिकले.

कापरेकर कोण होते?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तिथे १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढचे शिक्षण मात्र झाले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीत शाळेत शिकवले.

६१७४ ची गंमत काय?

चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. कापरेकरांचे जन्मसाल घेऊन पाहा : १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. हा ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांना १९४६ मध्ये सापडला.

संशोधन छापले कुठे?

६१७४ वरचा लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात आला. बरेचसे काम मात्र छोट्या नियतकालिकांत किंवा स्वतःच छापलेल्या पुस्तिकांत राहिले. मोठ्या ग्रंथालयांत अशा पुस्तिका सहसा पोहोचत नाहीत, त्यामुळे कुणी संदर्भ घ्यायचा तरी कसा? शिवाय देशातल्या अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे. त्यात मोठे सिद्धांत नव्हते, अंकांचे गुणधर्म होते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकड्यांचा शोध मात्र थांबला नाही.

चित्र कधी पालटले?

मार्च १९७५ मध्ये. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लोकप्रिय गणित सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले. देवळालीच्या पुस्तिकांतले काम त्या एका लेखाने जगभरच्या वाचकांपर्यंत नेले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

श्रेयाचे काय झाले?

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी संख्या म्हटले. उदाहरणार्थ १८ : १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. पुढे १९७७ च्या एका व्याख्यानावरून अशा संख्यांना ‘निवेन संख्या’ असेही नाव पडले.

‘स्वयंभू संख्यां’चेही तसेच. १५ मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ येते, म्हणजे २१ ची जननी १५. पण २० ला अशी जननीच नाही, म्हणून ती स्वयंभू. कापरेकरांनी या संख्या १९४९ मध्येच मांडल्या होत्या. १९७४ मध्ये एका कोलंबियन गणितज्ञाने तोच प्रश्न अमेरिकी नियतकालिकात मांडला आणि त्यांना ‘कोलंबियन संख्या’ हे नावही मिळाले. मात्र ‘देवळाली संख्या’ हे नावही टिकून आहे.

आज हा प्रभाव कुठे दिसतो?

४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. पूर्णांकांच्या क्रमिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात कापरेकर, हर्षद आणि स्वयंभू या तिन्ही संख्यांना स्वतंत्र नोंद आहे. प्रोग्रामिंग शिकताना ‘लूप’ समजण्यासाठी ६१७४ चा प्रोग्राम लिहायला दिला जातो. मास्तरांनी कागदावर केलेली वजाबाकी आता संगणक क्षणात करतो, आणि त्या प्रोग्रामला मुले कापरेकरांचेच नाव देतात.