संतशिरोमणी श्रीनामदेव आणि औंढ्याचे राऊळ

मराठवाडा ही संतांची भूमी. नांदेड-लातूरकडील भाविक औंढा नागनाथाच्या दर्शनास जातो, तेव्हा अरुंद पायऱ्यांनी खाली गाभाऱ्यात उतरतो आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजिलेल्या लिंगावर मस्तक ठेवतो. देवळाचा खालचा कोरीव पाषाण यादवकालीन शैलीचा असून वरचा भाग मागाहून बांधलेला आहे. प्रदक्षिणा घालताना मात्र एक गोष्ट नजरेत भरते. नंदी देवासमोर नसून देवळाच्या पाठीमागे आहे. त्याचे कारण विचारले की गावकरी एकच नाव घेतात, ते म्हणजे संत नामदेव.

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मध्ये शिंपी कुळात झाला. पित्याचे नाव दामाशेट, मातेचे गोणाई. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. बालपण पंढरपुरी गेले. पत्नी राजाई, चार पुत्र, आणि गंगाखेडहून आलेली जनाबाई, असा तो भरला संसार होता. पण चित्त विठ्ठलचरणी जडलेले.

देव आपल्याशी बोलतो, याचा नामदेवांना अभिमान होता असे सांगतात. लातूरच्या शेजारच्या तेर गावी संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटण्याने मडकी पारखावीत तशी एकेकाची डोकी पारखली. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. गुरूवाचून उणीव राहिली आहे, हे उमगल्यावर ते विसोबा खेचरांकडे औंढ्यास आले. पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी आक्षेप घेतला. जेथे लिंग नाही तेथे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सांगितले. नामदेव जिकडे पाय नेत, तिकडे लिंग प्रकटे. देव एका राउळापुरता नाही, हा बोध त्यांना राउळातच झाला.

पुढे याच देवळापुढे कीर्तन रंगले असता पुजाऱ्यांनी नामदेवांना मागील बाजूस जाण्यास फर्माविले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि तेथेच उभे राहिले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले आणि नंदी मागे राहिला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव नामभक्तीची पताका घेऊन उत्तरेस गेले. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्थान आहे. शीख पंथाच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. याच ग्रंथास गुरू गोविंदसिंहांनी इ. स. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरुपद दिले. नरसीपासून दूर गेलेली वाणी अशी गोदाकाठी परत आली.

मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा इ. स. १३३८ मध्ये गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली. हयातीत ज्यांना राउळात पाऊल टाकता आले नाही, त्यांना देवाच्या दृष्टीसमोर जागा मिळाली. इ. स. १३५० मध्ये नामदेवांनीही तेच महाद्वार निवडले. भक्तांची पायधूळ मस्तकी लागावी म्हणून ते पायरी झाले. तरीही ती पायरी ओलांडून सर्वांना आत जाता येण्यास इ. स. १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले.

देवळाचा जीर्णोद्धार दगड-चुन्याने, देणगीदारांच्या दातृत्वाने आणि ग्रामस्थांच्या श्रमाने होतो. शिखर चढते, कळस झळकतो. परंतु राउळाची खरी शोभा त्याच्या उंबरठ्यावर ठरते. दारी आलेल्या कोणासही मागे जा म्हणून सांगावे लागू नये, म्हणजे देवासही फिरावे लागणार नाही. नामदेवरायांच्या चरित्राचा हा प्रसाद ज्या गावाने जतन केला, त्या गावचा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे समजावे.