मराठी माणसांची चार राज्ये: बाबासाहेबांनी १९५५ मध्ये सुचवलेला नकाशा नेमका काय होता?

शिरूर तालुक्यातल्या कारेगावात रांजणगाव एमआयडीसीची पाळी सुटली की टपऱ्यांवर एकाच वेळी चार-पाच तऱ्हेची मराठी ऐकू येते. बीडची, परभणीची, यवतमाळची, बुलढाण्याची आणि अर्थात आपली घोडनदीकाठची. ही सगळी मंडळी आज एकाच राज्याची रहिवासी आहेत. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५५ मध्ये मांडलेली योजना मान्य झाली असती, तर ती तीन वेगवेगळ्या राज्यांतून आलेली असती. पुणे जिल्हा पश्चिम महाराष्ट्र या राज्यात आणि घोड नदीचा पूल ओलांडला की लागणारा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा मध्य महाराष्ट्र या दुसऱ्या राज्यात. म्हणजे शिरूर हे सीमेवरचे गाव झाले असते.

राज्यघटनेचे शिल्पकार, दलितांचे नेते, बौद्ध धम्माचा स्वीकार करणारे बाबासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. राज्ये केवढी असावीत आणि त्यांना एका संघात कसे बांधावे, या प्रश्नाचा चाळीस वर्षे अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मात्र त्या मानाने कमी माहीत आहेत. लोकसभेच्या मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय तापलेला असताना तेच आयुष्य पुन्हा वाचण्यासारखे आहे.

सुरुवात झाली ती पैशाच्या हिशेबापासून

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, लहानपणीची काही वर्षे साताऱ्यात, पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे नामांकित प्राध्यापक एडविन सेलिग्मन त्यांचे शिक्षक होते.

त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय आजही कोरडा वाटेल असा आहे: ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ मध्ये लंडनला तो पुस्तकरूपाने निघाला. त्यात मांडलेली गोष्ट अशी. १८३३ च्या चार्टर कायद्यानंतर सगळा महसूल कलकत्त्याच्या तिजोरीत जमा व्हायचा आणि प्रांत फक्त खर्च करायचे. कर गोळा करण्याची जबाबदारी आपली नाही म्हटल्यावर प्रांतांनी हात आखडता घेण्याचे कारणच उरले नाही. जो जास्त मागेल त्याला जास्त मिळे. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७१ पासून, प्रांतांना ठराविक रक्कम नेमून द्यायला सुरुवात झाली. मग काही करच त्यांच्याकडे सोपवले गेले आणि पुढे काही करांमध्ये वाटणी आली.

केंद्र आणि राज्य यांच्या भांडणात भाषा, संस्कृती, अस्मिता हे शब्द मोठ्याने ऐकू येतात. पण गाडा अडतो तो पैशाशी. हे त्यांनी विशीतच हेरले होते. आजचे वित्त आयोगाचे वाद वाचणाऱ्याला तो प्रबंध अजिबात जुना वाटणार नाही.

शेताचा आकार, राज्याचा आकार

१९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना त्यांनी एक निबंध लिहिला, भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर. त्या वेळी सगळीकडे एकच ओरड होती की तुकडे फार झालेत, ते जोडून जमिनी मोठ्या करा. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. शेत परवडते की नाही हे त्याच्या एकरांवर ठरत नाही. त्यावर किती अवजारे, किती भांडवल आणि किती हात राबतात, या प्रमाणावर ठरते. अवजारेच तोकडी असतील तर जमीन वाढवून उपयोग नाही, उलट नुकसानच. खरा रोग म्हणजे जमिनीवर रिकामे बसलेले जास्तीचे हात आणि त्यावरचा उपाय म्हणजे उद्योगधंदे.

कारेगावकराला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. शिरूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात कारखाने आल्यावर काय बदलले, हे इथल्या दोन पिढ्यांनी पाहिले आहे.

हा निबंध आणि १९५५ ची योजना यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे, पण विचारायची रीत तीच आहे. मोठे चांगले की लहान चांगले, असा प्रश्न ते घेतच नाहीत. कशासाठी केवढे, हा त्यांचा प्रश्न असतो. इंजिनिअरिंगला आम्हाला बीमची मापे काढताना हेच शिकवायचे: आधी भार सांगा, मग आकार.

युरोप त्यांनी जवळून पाहिला होता

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी., ग्रेज इनमधून बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरी आणि तुर्की ही दोन बहुभाषिक साम्राज्ये नुकतीच फुटली होती. जर्मनीचा मार्क कोसळत होता. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूहरच्या कोळसापट्ट्यात शिरल्या.

अठ्ठावीस वर्षांनी, एप्रिल १९५१ मध्ये, त्याच कोळशा-पोलादाचा कारभार एकत्र करण्याच्या करारावर पॅरिसमध्ये सह्या झाल्या. सह्या करणाऱ्या सहा देशांत फ्रान्स, जर्मनी, इटली हे तीन मोठे आणि बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग हे तीन लहान. आजच्या युरोपीय संघाचा तो पाया. लहान देशांनी मोठ्यांच्या पंक्तीत बसायचे तर गिळले न जाता कसे बसायचे, यावर आता युरोपात अभ्यासकांची मोठी फळीच आहे. पीटर कॅट्झेनस्टाइन यांचे १९८५ चे छोट्या देशांच्या अर्थकारणावरचे पुस्तक किंवा आइसलँडचे प्राध्यापक बाल्डुर थोरहॉलसन यांचे युरोपीय संघातील लहान देशांवरचे काम त्यात नेहमी वाचले जाते. बाबासाहेबांना त्या शाखेचे अभ्यासक म्हणणे ओढूनताणून होईल. पण ऑस्ट्रिया आणि तुर्कीचे उदाहरण त्यांनी १९५५ च्या पुस्तकात नेमके वापरले आहे.

आधी संघराज्याला विरोध, मग संघराज्याची घटना

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात त्यांनी १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची चिरफाड केली. निवडून आलेले प्रांत आणि संस्थानिकांच्या मर्जीवर चालणारी शेकडो संस्थाने एकाच संघात कोंबायची, हे त्यांना स्वातंत्र्याच्या आड येणारे वाटत होते. यांतली कित्येक संस्थाने इतकी चिमुकली होती की त्यांना राज्य म्हणणेच धाडसाचे. लहान राज्यांचा हा पुरस्कर्ता लहान संस्थानांचा मात्र मुळीच पुरस्कर्ता नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. तिथे प्रजेला आवाज नव्हता.

पुढे घटना मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भारताला राज्यांच्या कराराने बनलेला संघ मानले नाही. इथे कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही. उलट अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या कायद्याने राज्य तोडू शकते, जोडू शकते, त्याच्या सीमा बदलू शकते. त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, संमती लागत नाही. युरोपात हे अगदी उलटे आहे. लक्झेंबर्गची हद्द ब्रुसेल्समध्ये बसून कोणी हलवू शकत नाही आणि ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून निघूनही गेला.

एक भाषा, पण राज्ये किती?

१९४८ मध्ये दार आयोगापुढे बाबासाहेबांनी दिलेल्या निवेदनात मुंबईसह एकच महाराष्ट्र असावा, अशी मांडणी होती. क्षेत्रफळ, लोकसंख्या, महसूल या तिन्ही कसोट्यांवर असे राज्य टिकेल, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले होते. राज्याचा कारभार मात्र केंद्राच्याच भाषेत चालावा, अशी त्यांची अट होती.

सात वर्षांनी त्यांनी मत बदलले. ३० सप्टेंबर १९५५ रोजी फाजल अली आयोगाने राज्य पुनर्रचनेचा अहवाल दिला. त्यात गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता. बाबासाहेबांनी त्यावर उत्तर म्हणून भाषिक राज्यांविषयीचे छोटेखानी इंग्रजी पुस्तक लिहिले. प्रस्तावना औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून, डिसेंबर १९५५ मध्ये लिहिलेली आहे. आपल्या आधीच्या मतांशी हे जुळणार नाही, हे तिथे त्यांनी लपवलेले नाही.

त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की एका राज्यात एकच भाषा असावी. पण याचा अर्थ एका भाषेचे एकच राज्य असावे असा होत नाही. अनेक भाषा एका राज्यात कोंबल्या की ऑस्ट्रिया होतो. पण एकाच भाषेची दोन, तीन, चार राज्ये करायला काय हरकत आहे?

त्यांचा नकाशा असा होता. मुंबई हे स्वतंत्र नगरराज्य, त्याचे नावही महाराष्ट्र नगरराज्य. पश्चिम महाराष्ट्रात ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, पुणे, उत्तर व दक्षिण सातारा आणि कोल्हापूर. मध्य महाराष्ट्रात डांग, खानदेशचे दोन्ही जिल्हे, नाशिक, नगर, सोलापूरचा मराठी भाग आणि मराठवाडा. पूर्व महाराष्ट्रात विदर्भाचे आठ जिल्हे.

यामागे मराठवाड्याची काळजी होती. निजामाच्या राजवटीत या भागाला ना पाटबंधारे मिळाले ना शाळा-कॉलेजे. एकत्र राज्यात पुणे, सातारा आणि नागपूरचे शिकलेले लोक नोकऱ्या आणि सत्ता घेऊन जातील, मराठवाडा मागेच राहील, असे त्यांना वाटत होते. औरंगाबादेत १९५० मध्ये कॉलेज काढताना हेच त्यांच्यासमोर होते. दुसरे कारण जातीचे. मोठ्या राज्यात संख्येने मोठी जात सगळीकडे भारी ठरते आणि विखुरलेले अल्पसंख्य आणखी निष्प्रभ होतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

उत्तर प्रदेश एवढा मोठा का?

पुस्तकाचा दुसरा अर्धा रोख उत्तरेकडे होता. आयोगाने दक्षिणेचे तुकडे केले आणि उत्तर एकसंध ठेवली, हा त्यांचा आक्षेप. आयोगाचेच सदस्य के. एम. पणिक्कर यांनी उत्तर प्रदेशच्या अवाढव्य आकाराला विरोध करणारी भिन्नमतपत्रिका जोडली होती. बाबासाहेबांनी तिचे स्वागत केले. १९५१ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशची लोकसंख्या सहा कोटींवर होती, तर कुर्ग या राज्याची तीन लाखही नव्हती. सुमारे दोन कोटी हे प्रमाण धरून त्यांनी उत्तर प्रदेशची मेरठ, कानपूर आणि अलाहाबाद राजधान्या असलेली तीन, बिहारची पाटणा आणि रांची राजधान्या असलेली दोन आणि मध्य प्रदेशची दोन राज्ये सुचवली. हैदराबाद ही देशाची दुसरी राजधानी करावी, हेही त्यात होते.

उत्तर-दक्षिण दरी किती खोल आहे, हे सांगताना त्यांनी काँग्रेस पक्षाच्या बैठकीतली एक गोष्ट उघड केली. हिंदीच्या प्रश्नावर मते ७८ विरुद्ध ७८ अशी समसमान पडली होती. नंतर पुन्हा मतदान झाले तेव्हा हिंदी एका मताने जिंकली.

युरोपने याच दुखण्यावर वेगळे औषध शोधले. तिथे देशांचे आकार बदलता येत नाहीत म्हणून मतांचे वजन बदलले. युरोपीय संसदेत जर्मनीचे ९६ सदस्य, तर माल्टाचे ६. लोकसंख्येच्या हिशेबाने माल्टाला जेमतेम एकच मिळाला असता. मंत्रिपरिषदेत बहुतेक निर्णयांना २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, असे दोन्ही पाठीशी लागतात. आपल्याकडे राज्यसभेतही उत्तर प्रदेशचे ३१, महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १ सदस्य असतो. अपवाद जीएसटी परिषदेचा. तिथे केंद्राकडे एक तृतीयांश वजन आणि उरलेले सर्व राज्यांत समान वाटलेले, म्हणजे गोव्याचे मत महाराष्ट्राएवढेच.

मग पुढे काय झाले?

मराठी जनतेने हा नकाशा स्वीकारला नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पक्षही तिच्यात सामील झाला. १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य आले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. ते १ मे १९६० रोजी आले.

एकत्र राज्य झाले ते चांगलेच झाले, असे माझे मत आहे. पण त्यांची शंका खोटी ठरली असे म्हणवत नाही. मराठवाडा आणि विदर्भाचा अनुशेष मोजण्यासाठी घटनेच्या अनुच्छेद ३७१ खाली १९९४ मध्ये तीन विकास मंडळे नेमावी लागली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आणि कारेगावच्या भाड्याच्या खोल्या आजही त्याच जिल्ह्यांतल्या मुलांनी भरलेल्या आहेत.

उत्तरेत त्यांचा नकाशा थोडाफार उतरला. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाले. झारखंडची राजधानी रांचीच. २०११ मध्ये मायावती सरकारने उत्तर प्रदेशची चार राज्ये करण्याचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला, पण तो पुढे सरकला नाही. लोकसभेत त्या राज्याच्या ८० जागा आहेत आणि महाराष्ट्राच्या ४८. राज्यांमधली ही वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली.